मागच्या जिन्याचं दार

कुठल्याही इमारतीत पाऊल टाकलं की मी आधी बाहेर पडायची वाट शोधतो. लग्नात नवरा-नवरी बघायच्या आधी कार्यालयाचं मागचं दार बघतो, आणि त्या दाराला टेकवून जेवणाची टेबलं लावलेली दिसली की माझं जेवण तिथेच संपतं. बायको म्हणते, लोक तुम्हाला अजून बोलावतात हेच उपकार समजा. तिचं बरोबर आहे. सगळी नोकरी अग्निशमन दलात काढली, निवृत्त झाल्यावर इमारती तपासून देणारा सल्लागार झालो. म्हणजे आधी सरकारी खर्चानं नकोसा होतो, आता खासगीत नकोसा झालो.

या कामात बऱ्याच इमारती पाहिल्या, विसरलो. एक तेवढी विसरता येत नाही. आपल्या कोल्हापुरातलीच, संस्थानकाळातली जुनी कचेरी. काळ्या दगडाची, दुमजली, वर सागवानी फळ्यांची जमीन, आणि वर जायला आतून एकच लाकडी जिना, मध्ये वळण घेतलेला. वारसा यादीत नाव असल्यामुळे तिला कुणी पाडत नव्हतं, आणि त्याच कारणानं वर्षानुवर्षं कुणी वापरतही नव्हतं. मग एका शिक्षणसंस्थेनं ती अभ्यासिकेसाठी घेतली. तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी करणारी खेड्यापाड्यांतली पोरं शहरात खोल्या घेऊन राहतात, त्यांना बसायला जागा. खाली मुलगे, वर मुली. मुली वर का, तर खालच्या खिडक्यांतून रस्त्यावरचं कुणीही डोकावतं, असं संस्थेच्या कार्यवाहांचं म्हणणं. मला तेव्हा ते काळजीचं बोलणं वाटलं.

मला बोलावलं ते आगीच्या दाखल्यासाठी. मी जिना बघितला आणि सांगितलं, या एका जिन्यावर वरच्या मजल्याला परवानगी मिळणार नाही. आग लागली की धूर आधी जिना शोधतो. खाली इन्व्हर्टरची बॅटरी जरी पेटली तरी वरच्या पन्नास पोरी त्याच धुरातून उतरणार. दुसरी वाट पाहिजे.

वारसा समितीतले वास्तुतज्ज्ञ म्हणाले, "तुमच्यासारख्यांच्या लोखंडी जिन्यांनी या शहराची जेवढी वाट लावली तेवढी आगीनं लावली नसेल." मीही काही गप्प बसणारा नाही. म्हणालो, दगड जळत नाही साहेब, पोरी जळतात. तीन बैठका आमचं हे चाललं. त्यांना दर्शनी बाजूला लोखंड नको, लाकडी जिन्याला भिंतीनं कोंडायला नको, छताला भोक नको. चौथ्या बैठकीला तेच मला हाताला धरून इमारतीच्या मागं घेऊन गेले. तिथे एक उंच खिडकी होती. तिच्या खालचे दगड काढले तर दार होत होतं. काढलेल्या दगडांना क्रमांक टाकून ते तळमजल्यावर जपून ठेवायचे, म्हणजे उद्या कुणाच्या मनात आलं तर खिडकी पुन्हा खिडकी करता येईल. मला माणूस आवडला. भांडत होता तो दगडांसाठी, पण मनापासून भांडत होता.

दाराचं ठरलं, पण त्याला लागून बाहेरचा लोखंडी जिना उतरवायचा कुठे? मागची भिंत थेट शेजारच्या घरामागच्या परड्याला लागलेली. परडं एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याचं. तीन पिढ्या गाद्या भरायचं काम, आणि आमचा जिना जिथे उतरणार बरोबर तिथे त्याची पत्र्याची शेड, शेडमध्ये कापसाची पोती. सुटकेचा जिना कापसात उतरवणं म्हणजे माझ्या धंद्यातली थट्टाच. कार्यवाह म्हणाले, तो कशाला जागा देतोय. मी एकटाच गेलो. गल्लीत सगळे त्याला चाचा म्हणायचे, मीही म्हटलं. जिना कशासाठी ते सांगितलं.

"वर पोरी बसणार व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो. नुसत्या पोरीच."

"मग घ्या की. कापूस काय, हिकडचा तिकडं करतो. रस्त्यावर निघायला पण वाट लागंल न्हवं? गेटाला मी कडी ठेवतो, कुलूप न्हाय लावत."

आठवड्यात त्यांनी शेड उतरवली आणि कापूस राहत्या खोलीत नेला. कागद करू म्हटलं तर हसले. कागद मात्र मी करून घेतला, त्यात मी पक्का आहे.

दार बाहेर उघडणारं केलं. आतून आडवा दांडा, त्यावर नुसतं अंग टाकलं तरी उघडणारा. घाबरलेला माणूस कडी शोधत नाही, तो ढकलतो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकलो म्हटलं तरी चालेल. दाखल्यासाठीच्या अहवालावर सही करताना मला खरंच समाधान वाटलं. नोकरीत असताना फार वेळा वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तपासणीला गेलो आणि न सांगता घंटा वाजवून सराव घेतला. खालचे मुलगे हसत-खिदळत रस्त्यावर आले. मी मागच्या परड्यात जाऊन वर बघत उभा. जिन्यावर कुणी नाही. चाचाही बाजूला येऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं पुढून गलका ऐकू आला. सगळ्या मुली त्या एका लाकडी जिन्यानं उतरत होत्या, वळणावर एकमेकींना ढकलत.

मी वर गेलो. दांड्याला साखळी गुंडाळून कुलूप घातलं होतं. शेजारी भिंतीवर काचेची छोटी पेटी, 'आणीबाणीत काच फोडा' असं लिहिलेली. आत किल्ली नव्हती, उदबत्तीचा पुडा होता. शिपायाला कोरडी जागा सापडली होती.

कार्यवाह शांतपणे म्हणाले, "साहेब, किल्ली आहे की ऑफिसात. पोरी त्या दारानं खाली जायला लागल्या. फोनवर बोलत बसायच्या जिन्यावर. कुणाच्या घरनं तक्रार आली तर आम्ही काय तोंड दाखवायचं?" मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "आणि मागं कुणाचं परडं आहे, तुम्हाला सांगायला पाहिजे काय?"

मला त्यांच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. ज्यानं या पोरींसाठी स्वतःचा कापूस उशाशी घेतला, त्याच्याबद्दल हे बोलणं. पण मी दिली नाही. लेखी कळवतो, एवढंच म्हणालो. आमच्यासारख्यांचा राग कागदावरच निघतो.

खाली उतरताना एक मुलगी मागून आली. चंदगडकडची, सावळी, बारीक, हातात पाण्याची बाटली. पेटीतली किल्ली कधी काढली, असं मी विचारलं. इकडंतिकडं बघून ती बोलली.

"दिवाळीच्या आदीच काढलीया, सर. कार्यवाह सरांच्या ड्रॉवरला असती. ते दुपारी जेवाय घरी गेले की ऑफिसला बी कुलूप."

"म्हणजे दुपारी काही झालं तर?"

"तर काय न्हाय," ती म्हणाली.

तिच्याकडून बाकीचंही कळलं. खोलीत पाचजणी राहतात, दिवसा घरमालकीण बसू देत नाही. गावी पावसाळ्यात वीज गेली की चार-चार दिवस येत नाही. घरच्यांनी या परीक्षेपर्यंतची मुदत दिली आहे, पुढे लग्न. सकाळी आठला दार उघडतं तेव्हा ती पायरीवर असते आणि बंद होईपर्यंत उठत नाही. "हितली जागा हाय म्हणून चाललंय, सर. पण त्या दाराकडं बघून भ्या वाटतं. तेवढं कुलूप काढाय लावा."

मी म्हणालो, बघतो. अशा वेळी मी फार भारदस्त दिसतो असं बायको म्हणते.

त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला. एक प्रत संस्थेला, एक अग्निशमन विभागाला. माझे अहवाल दलात नावाजलेले होते. कुठे काय दिसलं, कुणी सांगितलं, कधी सांगितलं, सगळं. माहितीचा उगम लिहायचाच, नाहीतर समोरचा म्हणतो तुम्ही मनानं रचलं. म्हणून मी लिहिलं की वरच्या मजल्यावर नियमित बसणाऱ्या, चंदगड तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या सांगण्यानुसार किल्ली कार्यवाहांच्या ड्रॉवरमध्ये असते आणि दुपारी कार्यालय बंद असते. शेवटी ठळक अक्षरांत, सद्यस्थितीत वरचा मजला विद्यार्थिनींच्या वापरास असुरक्षित आहे. ते वाक्य लिहून मी दोनदा वाचलं होतं. मला ते आवडलं होतं.

मला वाटलं होतं, कुलूप निघेल. दुसरं काय होऊ शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इमारतीत धूर कुठून कुठे जाईल ते मी डोळे मिटून सांगेन. माणसं कुठून कुठे जातील ते मला कधी कळलं नाही.

दोन आठवड्यांनी संस्थेचं पत्र आलं. माझे आभार मानले होते. तज्ज्ञांच्या अहवालानुसार आणि विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेस सर्वोच्च प्राधान्य देऊन मुलींचा विभाग तात्काळ बंद करण्यात येत आहे. खाली माझं वाक्य जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत. मी धावत गेलो. म्हटलं, मुलींना खाली घ्या, मुलांना वर पाठवा. कार्यवाह म्हणाले, खाली मुलींसाठी पुरेशी प्रसाधनगृहं नाहीत. म्हटलं, मग कुलूप काढा. ते म्हणाले, "काढतोय की. तुमचं ऐकूनच सगळं करतोय, साहेब."

आणि खरंच काढलं. महिन्याभरात फेरतपासणीला बोलावलं. वरचा मजला मुलांना दिला होता. साखळी नाही, कुलूप नाही, दांडा ढकलला की दार सताड. जिन्यावर दोन पोरं चहा पीत उभी होती, फोनवर मोठ्यानं बोलत. कुणाच्या घरून तक्रार यायची भीती कुणाला नव्हती. खाली परड्यात चाचा गादीला टाके घालत बसले होते. मला बघून म्हणाले, "पोरी कुठं गेल्या, साहेब? मी जागा पोरींसाठी दिलती." मी म्हणालो, दुसरीकडे सोय केली आहे. खोटं बोललो. या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं ते एकच खोटं, बाकी सगळं खरं बोलून केलं.

दाखला अडवण्यासारखं काही नव्हतं. दार बाहेर उघडत होतं, वाट मोकळी होती, दिवे लागत होते. ही वाट कोणासाठी केली होती, असा रकाना तपासणीच्या तक्त्यात नसतो. मी सही केली.

त्यानंतर ती मुलगी मला एसटी स्टँडवर भेटली. मी गारगोटीला एका मंगल कार्यालयाच्या तपासणीला निघालो होतो. ती चंदगडच्या गाडीसाठी उभी, पायाशी पुस्तकांचं पोतं, तोंड सुतळीनं बांधलेलं. मी ओळख दाखवली. तिनं मान हलवली, हसली नाही. परीक्षा झाली का विचारलं. म्हणाली, व्हायची आहे, पण खोलीत बसता येत नाही आणि नुसतं भाडं देऊन काय करायचं, घरी बोलावलंय.

"सर, ते कुलूप काढलं म्हणं?"

"हो. काढलं."

"आमी होतो तवा न्हाय काढलं."

काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हणालो, "मी तुमच्याच भल्यासाठी लिहिलं होतं, बाळ."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. "चंदगडची तिथं मी एकटीच होतो, सर. तुमी तालुका लिवलासा. कार्यवाह सरांनी सगळ्यांम्होरं वाचून दाखवलं. माझ्यामुळं जागा गेली म्हणून पोरी बोलाय तयार न्हाईत माझ्यासंगं. लिवायच्या आदी आमाला एकदा इचारायचं तरी. कुलूप असलं तरी बसाय मिळत होतं, आमी सांगितलं असतं."

तेवढ्यात चंदगडची गाडी लागली आणि माणसं दाराकडे पळाली. मी पोत्याला हात घातला, पण तिनं ते आधीच उचललं होतं. "ऱ्हाऊ दे, सर," म्हणाली, आणि त्या रेट्यात शिरून आत गेली.