धाकटीचा प्लुटो

माझी धाकटी बहीण अमेरिकेत इंजिनिअर आहे. प्लुटोकडे निघालेल्या एका मानवरहित यानाला पृथ्वीवरून सूचना पाठवणाऱ्यांत ती होती. मी पुणतांब्याजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. फिजिक्स आम्ही दोघींनी एकाच कॉलेजात केलं. मार्क मला जास्त होते. हे मी कुणाला सांगत नाही, पण विसरतही नाही.

यानाला तिथवर पोचायला नऊ-साडेनऊ वर्षं लागली. तेवढी सगळी वर्षं आमचे आप्पा गावभर त्याच्याविषयी बोलत राहिले. पेरूच्या बागेत येणाऱ्या व्यापाऱ्यालासुद्धा आधी प्लुटो ऐकावा लागे, मग भाव. एकदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी त्यांना नगरला घेऊन गेले होते. तिथं शेजारी बसलेल्या बाईंना त्यांनी धाकटीचं सगळं सांगितलं. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "आणि ह्या?"

"ही थोरली. ही हितंच असती," आप्पा म्हणाले.

रजा टाकून आले होते मी. हातात त्यांच्या डोळ्यांत घालायचे थेंब होते.

यान प्लुटोजवळ पोचायला थोडेच दिवस राहिले असताना एका सकाळी धाकटीचा फोन आला. मी शाळेत निघाले होते.

"ताई, यान मधेच गप्प झालं होतं. आता संपर्क झालाय, पण त्याचं सगळं काम थांबलंय. एक सूचना पाठवली की उत्तर यायला नऊ तास. आप्पांना सांगू नकोस."

ती रडत होती. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग ते वाटलेलं मलाच घाबरवून गेलं.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून 'न्हाई' आलं.

"मग आधी जेव. नऊ तास आहेत तुझ्याकडे."

धाकटीच्या टीमनं ते निस्तरलं. यान वेळेवर प्लुटोजवळून गेलं आणि त्याचा फोटो आला, अंगावर फिकट बदामाचा आकार असलेला. आप्पांनी तो राहात्याच्या स्टुडिओतून मोठा करून आणला आणि बैठकीत लावला. त्या जागी शिक्षकदिनाला माझा सत्कार झाला तेव्हाचा फोटो होता. तो त्यांनी काळजीपूर्वक पुसून कपाटावर ठेवला. त्या रात्रीच्या भाकऱ्या जरा जास्तच जोरात थापल्या गेल्या.

पुढे शिर्डीचं विमानतळ सुरू झालं तेव्हा ती एकदा आठ दिवसांसाठी आली. माझ्या शाळेत तिचं भाषण ठेवलं. माझ्याच वर्गातल्या मुली, ज्यांना मी प्लुटो दोनदा शिकवला होता, तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होत्या. एकीनं विचारलं, "एवढ्या लांब गेलं, मग तिथं का न्हाई उतरलं?"

"वेग इतका होता की थांबायला लागणारं इंधन नेणं शक्यच नव्हतं," ती म्हणाली.

हेच मी वर्गात सांगितलं होतं, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

आठव्या दिवशी तिला विमानतळावर सोडून आप्पा आणि मी गाडीनं परत निघालो. आप्पांचे डोळे ओले होते. राहात्याजवळ एका टपरीवर मी चहासाठी थांबले. निम्मा चहा झाल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "एक इचारू का? प्लुटो आधी ग्रह हुता, मंग न्हाई म्हनले. ते का? मला कधीच कळलं न्हाई."

"तिला का नाही विचारलं? ती आठ दिवस होती की."

"तिच्याम्होरं लाज वाटती गं. एवढी मोठी झाली ती. तू मास्तरीन हायेस. तू सांग."

शेजारी पेरूवाली पाटीभर पेरू घेऊन बसली होती. मी एक मोठा पेरू घेतला आणि टेबलावर एकटा ठेवला. ग्रह म्हणजे असा, आपल्या वाटेवरचं बाकी सगळं त्यानं एक तर ओढून घेतलेलं असतं, नाही तर हुसकून दिलेलं. मग पाटीकडे बोट दाखवलं. प्लुटो त्या पाटीतला. गोल आहे, सूर्याभोवती फिरतो, पण त्याच्या वाटेत त्याच्यासारखेच ढीगभर आहेत. म्हणून त्याला बटुग्रह म्हणतात.

आप्पांनी दोनदा परत सांगायला लावलं. चहावाल्यानं कप उचलून नेले तरी आम्ही बसलोच होतो. शेवटी त्यांनी मान हलवली. "व्हय. आत्ता कळलं."

धाकटीचा दर रविवारी फोन येतो. आप्पा तिच्याशी आता बटुग्रहांविषयीसुद्धा ऐटीत बोलतात. हे सगळं ते कुठून शिकले, असं तिनं मला दोनदा विचारलंय. मी अजून सांगितलेलं नाही.