काकानं चाकांची हवा काढली

माझा काका टायरवाला. तीस वर्षं एकाच पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चर काढतोय. चाकावर हातोडी मारून आवाजावरून हवा सांगतो, मीटर नंतर बघतो. मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरातले सगळे माझ्यावर तुटून पडले. काका एवढंच म्हणाला, "गाडी शिकतेस का?" आज मी पिकअप चालवते ती त्याच्यामुळे. त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही.

चार महिन्यांपूर्वी ट्रकच्या चाकात हवा भरताना टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग उडाली. काकाच्या कानाजवळून गेली आणि छताचा पत्रा फाडून बाहेर. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण नंतर कॉम्प्रेसर सुरू केला की घाम फुटायचा, हात थरथरायचे. पाचव्या दिवशी शटर ओढलं ते ओढलंच. शेजारचा बॅटरीवाला म्हणाला, "टायरवाल्याचीच हवा गेली." मी त्याच्याशी भांडून आले. पण खोटं कशाला बोलू, काका घरात कुकरच्या शिट्टीलाही दचकत होता. शेड विकायची भाषा करत होता. शेड गेली असती तर त्यानं दिवसभर करायचं काय?

मला वाळवंटातल्या एका वस्तीवर पाण्याची मोटर पोचवायची होती. दोन दिवसांचा रस्ता. काकू म्हणाली, "यांनाही ने. बसून बसून भिंती झिजवल्या."

निघताना काकानं चारही चाकं ठोकून बघितली. "टाईट भर. लांबचा पल्ला आहे." वस्तीवरच्या माणसानं फोनवर बजावलं होतं, वाळू लागली की हवा अर्धी करा, नाहीतर चाकं रुततील. मी ते काकाला सांगितलं.

"मोटरवाला मला टायर शिकवणार?"

विषय संपला.

पहिल्या दिवशी नुसती कुरकुर. "बघायचं काय इथं? झाड नाही, माणूस नाही." दुपारनंतर गप्प झाला. मला वाटलं रुसला. बघते तर काचेला डोकं टेकून झोपलेला. चार महिन्यांत धड झोपला नव्हता. मी रेडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डांबर संपलं. वाळूत शंभर पावलं गेलो आणि चाकं रुतली. मी चिडून रेस दिली, आणखी रुतली.

"हवा काढायला हवी. मी काढते," मी म्हटलं.

"तू बस. तुला अंदाज नाही."

काका चाकापाशी उकिडवा बसला. मग किल्लीच्या टोकानं वॉल्व दाबला. फुस्स आवाज आला, त्यानं हात मागे घेतला, परत दाबला. शेवटचं चाक होईपर्यंत मी तोंड उघडलं नाही, माझ्यासाठी ते फार झालं.

"शेडमध्ये हा आवाज पत्र्यावर आपटून परत येतो," तो म्हणाला. "इथं बघ, निघून जातो."

गाडी निघाली. वस्तीवर मोटर उतरवली. परतीचा रस्ता दुसरीकडून, कडक जमिनीचा, म्हणून मी पायपंपानं हवा भरायला घेतली.

"भरतेयस का लाथा घालतेयस? हो बाजूला."

चारही चाकं त्यानं भरली. घाम आला. मी घाबरून त्याच्या हातांकडे बघितलं. हात स्थिर होते. घाम उन्हाचा होता.

निघायला हवं होतं, पण म्हणाला, "उद्या जाऊ." दुसऱ्या दिवशी सकाळभर एका टेकाडावर एकटाच बसला. मी शेजारी बसून बघितलं, दहा मिनिटांत कंटाळले. तो मात्र पोटभर पाणी प्यायल्यासारखा दिसत होता.

खाली आल्यावर त्यानं माझ्याच फोनवरून काकूला फोन लावला.

"सोमवारी शेड उघडतो. वेल्डरला सांगून ठेव, लोखंडी पिंजरा करायचाय. ट्रकचं चाक आत ठेवूनच हवा भरायची. आधीच करायला हवा होता, आळस केला."

काकूनं विचारलं, "केवढा करायला सांगू?"

"एवढा," काका म्हणाला, आणि फोन खांद्यात धरून दोन्ही हातांनी माप दाखवायला लागला.