बाईच्या हातातली पिशवी

दुपारी मी मेथी निवडतो आणि सून कादंबरी वाचून दाखवते. मला जोडाक्षरं जड जातात. कादंबरी जुनी, नावाजलेली. तिच्यात एका बड्या माणसाच्या मोटारीखाली बाजारातून परतणारी बाई मरते. पुढं दोनशे पानं त्या बड्या माणसाचंच दुःख. त्याची झोप उडते, लग्न मोडतं, तो नदीकाठी जाऊन रडतो.

मी विचारलं, "त्या बाईच्या हातात काय होतं गं?"

"ते नाही लिहिलेलं, आबा."

"आणि तिचा नवरा?"

सुनेनं मागची पानं चाळली. "'नवऱ्याला निरोप गेला', एवढंच आहे."

आमच्या हिला मोटारीनं उडवलं, तेव्हा पंचनामा झाल्यावर पोलिसांनी तिची पिशवी माझ्या हातात दिली. आत मेथीची जुडी होती. सुतकात आमच्यात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी यायची. तरी मी ती जुडी निवडत बसलो. लोक म्हणाले, म्हातारा चळला. मला एवढंच कळत होतं, की हिनं आणलेली भाजी वाया जाऊ द्यायची नाही. ती गेलीच. तिसऱ्या दिवशी पिवळी पडली आणि मीच उकिरड्यावर टाकली.

त्या मोटारवाल्याची झोप उडाली असेल, नसेल. त्याचा राग धरायलाही आता अंगात जोर नाही.

"पुढं वाचू का, आबा?"

"नको. ती निरोपाची ओळ परत वाच. जरा सावकाश."