प्रेशरकाका आणि माशांचं पाणी

नळाला धार कशी असावी, यावर प्रेशरकाकांशी कुणी वाद घालत नसे. पाणी पडलं की बादलीला दणका बसला पाहिजे, असं त्यांचं मत होतं. उभा जन्म प्लंबिंगमध्ये गेला, त्यातला निम्मा लोकांच्या तुंबलेल्या, गंजलेल्या, करंगळीएवढी धार देणाऱ्या पाइपांशी भांडण्यात. पाहुणे म्हणून कुणाकडे गेले तरी हात धुण्याच्या निमित्तानं आधी नळ सोडून बघायचे. धार बारीक निघाली की नाडी न सापडलेल्या डॉक्टरसारखा चेहरा करून बाहेर यायचे आणि त्या घरचा चहा त्यांच्या घशाखाली उतरायचा नाही. त्यावरूनच गल्लीनं त्यांचं प्रेशरकाका करून टाकलं. खरं नाव उरलं ते फक्त लाइटबिलावर.

अशा माणसाच्या घरात सून माशांची टाकी घेऊन आली.

लग्नानंतर तिचं सामान टेम्पोतून उतरलं, त्यात एक कपाट, चार खोकी पुस्तकं आणि चादरीत गुंडाळलेली ही काचेची पेटी. काकांनी त्या पेटीभोवती एक चक्कर मारली. इनलेट नाही, आउटलेट नाही.

"यात पाणी येतं कुठून?"

"येत नाही, बाबा. असतंच."

वाहत नसलेल्या पाण्याबद्दल काकांचं मत चांगलं नव्हतं. "साचलेलं पाणी म्हणजे डबकं," ते स्वयंपाकघरात जाऊन काकूंना म्हणाले. "सूनबाईंनी घरात डबकं आणलंय." काकू म्हणाल्या, "हळू बोला, ऐकू जाईल." आणि ते ऐकू गेलंच, कारण काकांचा आवाजही फुल प्रेशरचा.

पण डबक्यासमोर खुर्ची कधी सरकली, ते काकांनाही सांगता आलं नसतं. हातात पेपर आणि डोळे टाकीत, असं सुरू झालं. पाच गोल्डफिश होते. एकाच्या पाठीवर काळं कडं होतं, त्याचं नाव काकांनी वॉशर ठेवलं. दुसरा गुबगुबीत, गच्चीवरच्या टाकीतल्या फुग्यासारखा सदा वरच तरंगायचा, तो बॉलकॉक. मुलगा कंपनीच्या फिरतीवर असायचा. सून चष्म्याच्या दुकानात नोकरीला, स्वभावानं मितभाषी. सुनेशी काय बोलावं हे काकांना कुणी शिकवलेलं नव्हतं. तेव्हा संध्याकाळी ती घरी आली की ते घसा खाकरून म्हणायचे, "वॉशर आज नीट जेवला नाही." ती पर्स ठेवता ठेवता म्हणायची, "बॉलकॉकनं त्याचं खाल्लं असेल, बाबा. तुम्ही लक्ष ठेवत जा ना." एवढंच, पण रोज. सासरा-सुनेचा सगळा संसार त्या दोन वाक्यांवर चालला होता आणि बरा चालला होता.

मग नळाच्या पाण्याला औषधाचा वास यायला लागला. कुठंतरी साथ पसरली म्हणून पाणीखात्यानं क्लोरीन वाढवलं होतं. माणसं नाक मुरडून पीत होती, माशांना तीही सोय नाही. सुनेनं टाकीतलं थोडं पाणी बदललं तशी पाचही जणं वर येऊन तोंडं उघडमिट करायला लागली. त्यातली दोन गेली. पुढच्या वेळी क्लोरीन उडून जावं म्हणून तिनं पाणी टबात भरून दिवसभर उघडं ठेवलं. पण घरात बाथरूम एकच, त्यामुळं टबात कुणी ना कुणी साबणाचा हात बुडवायचंच. शिवाय क्लोरीन एवढं, की दुसऱ्या दिवशीही वास जाईना. वॉशरच्या शेपटीची कड झिजली.

एका संध्याकाळी सून जेवताना म्हणाली, "दुकानातल्या मैत्रिणीकडे बोअरचं पाणी आहे. रविवारी येऊन ती टाकी घेऊन जाईल. इथं मरतीलच बिचारे."

"बरंच झालं," काका म्हणाले. "जागा अडते नुसती."

काकूंनी त्यांच्या ताटाकडे पाहिलं. घास तसाच होता.

सकाळी काका माशांच्या दुकानात हजर. दुकानदारानं सांगितलं, कार्बन वापरा, तो क्लोरीन खातो. शेगडीतला कोळसा चालत नाही, हे खास भाजलेले दाणे. पाइपात भरायचे आणि नळाचं पाणी त्यातून काढायचं. "फक्त पाइपात पाणी सोडताना..." तो पुढं काही सांगणार, तेवढ्यात काका हसले. "पाइपाचं मला नका शिकवू. दाणे द्या." दुकानदारानं दाण्यांबरोबर तपासणीच्या थेंबांची एक बाटली दिली. पाण्यात दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे.

काकांनी छातीएवढ्या उंचीचा चार इंची पाइप कापला, खाली जाळी, मध्ये दाणे, वर स्पंज, दोन्ही तोंडांना आट्यांची टोपणं, घट्ट फिरवून पक्की. प्रेशर एका थेंबानंही कमी होता कामा नये म्हणून व्हॉल्व्ह चांगला मोठ्या भोकाचा. तो खांब बाथरूमच्या नळाला जोडला आणि व्हॉल्व्ह एका झटक्यात उघडला.

आतून शाई आली. भिंत, काकांची बंडी, काकूंनी भिजत घातलेली पांढरी चादर, सगळं एका रंगाचं झालं. दाणे आधी धुवायचे असतात, हे बहुधा दुकानदाराच्या त्या अर्ध्या राहिलेल्या वाक्यात होतं.

"अहो," काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मासे वाचतील हो. माझं काय?"

काकांनी सगळं उघडलं, दाणे तांदळासारखे धुतले, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतले, पुन्हा भरले. आता पाणी आरशासारखं आणि धार अशी, की बादली जागेवरून सरकली. "बघ!" ते ओरडले. "मध्ये फिल्टर आहे असं वाटतं तरी का?" मोठ्या ऐटीत त्यांनी पेल्यात दोन थेंब टाकले.

पिवळं.

पुन्हा टाकले. पुन्हा पिवळं. मग काकांनी क्रमानं थेंबांना, दुकानदाराला, कार्बनला आणि पाणीखात्याला नावं ठेवली. पाइप आणखी हातभर वाढवला, दाणे वाढवले, दोनदा जोडलं, दोनदा खोललं. शनिवारची दुपार झाली तरी पेला पिवळाच. ते बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसले. त्यांचं तोंडही त्याच रंगाचं झालं होतं.

काकूंनी चहाचा कप पुढं केला. काकांनी घोट घेतला आणि थबकले. "हे काय? नुसतं गरम पाणी!"

"तुमच्या पद्धतीनं केलाय," काकू म्हणाल्या. "पत्ती टाकली आणि लगेच गाळला. फुल प्रेशरनं."

"चहाचा इथं काय संबंध?"

"पाणी त्या दाण्यांजवळ थांबतंय कुठं? तुम्ही त्याला पळवता. कुणाच्या घरी जाऊन दारातूनच परत फिरलं, तर कुणी पाहुणचार करेल का?"

काकांनी कप उंबऱ्यावर ठेवला. "मग काय," ते म्हणाले, "धार बारीक करू? मी?"

"करा की. कुणी बघत नाही."

त्यांनी बाथरूमचं दार लावून घेतलं. व्हॉल्व्हवर हात ठेवला, पण हात ऐकेना. सवय सगळी उघडायची. थोडं फिरवलं, धार दोरीएवढी झाली. पेला पिवळसर. आणखी फिरवलं, दोऱ्याएवढी. मग डोळे गच्च मिटून आणखी. थेंबाला थेंब जेमतेम लागत होता. गिऱ्हाइकाच्या घरी असा नळ दिसला असता तर काकांनी भिंत फोडली असती. त्यांनी पेला भरला, दोन थेंब टाकले, उजेडात धरला.

पाण्याला रंगच नव्हता.

टब भरायला उरलेला दिवस लागला. काका स्टूल टाकून राखणीला बसले, कुणाला साबणाचा हात बुडवू दिला नाही. टप टप खाली शिंप्याच्या दुकानापर्यंत ऐकू येत होतं. त्यानं खालून हाक मारली, "काका, तुमच्याकडे नळ गळतोय वाटतं! प्लंबर पाठवू का चांगला?"

"गळू दे!" काका खिडकीतून ओरडले. "मुद्दाम गळतोय!"

शिंप्यानं मशीन थांबवून हे वाक्य समोरच्या किराणावाल्याला सांगितलं आणि त्यानं पुढं. गल्लीनं ती संध्याकाळ आनंदात घालवली.

रविवारी सकाळी सुनेनं ते पाणी टाकीत सोडलं. तिचा फारसा विश्वास नव्हता. सासऱ्यांचं मन मोडायला नको म्हणून ती मगानं मगानं ओतत होती. काका काही तिथं थांबले नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन ते एक धड नळ उगाच दुरुस्त करत बसले.

"बाबा, बाहेर या."

आवाजावरून काही कळेना. काकांनी पाना ओट्यावर ठेवला, हात पुसले, पुन्हा पुसले आणि गेले. एकही मासा वर आला नव्हता. वॉशर खाली खड्यांत तोंड खुपसून काही शोधत होता आणि बॉलकॉक त्याच्या मागं लागला होता.

मैत्रीण थर्माकोलचा डबा घेऊन आली, तेव्हा काका, काकू आणि सून टाकीसमोर ओळीनं उभे होते. "चला, नेऊ ना?" ती म्हणाली.

"मला नको विचारूस," सून म्हणाली. "मासे बाबांचे आहेत."

असा प्रश्न काकांपुढं आजवर कधी आला नव्हता. त्यांनी घसा खाकरला. "राहू द्या इथंच," ते टाकीकडे बघत म्हणाले. "म्हणजे... सूनबाईंचं मन रमतं."

"माझं?" सून म्हणाली आणि इतकी हसली, की तिला खुर्चीत बसावं लागलं. काकांच्या खुर्चीत.

"हो हो, तिचंच," काकू स्वयंपाकघराकडे वळत म्हणाल्या. "आणि अहो, त्या मुलीला चहा टाकतेय. तुम्ही गाळू नका."