बोल्टाखालचा रंग

मंगळवारी सकाळी दिनकर सर गेले. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा घेऊन ओसरीवर आल्या तेव्हा ते खुर्चीत होते आणि वर्तमानपत्र जमिनीवर होतं. दुपारी मुठेच्या काठावर त्यांना अग्नी दिला. सरांना मूलबाळ नव्हतं, म्हणून धाकट्या भावानं, बबननं, दिला.

आम्ही दोघांनी एकाच शाळेत नोकरी केली. ते विज्ञान शिकवायचे, मी ग्रंथालय सांभाळायचो. त्यांच्या वडिलांची एक जुनी मोटार होती, गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली. विजेचा धडा आला की सर ती गाडी शाळेच्या मैदानात आणून उभी करायचे. "बॅटरीतून दिव्यापर्यंत वायर जाते, ती दिसते. दिव्यातून वीज परत कशी येते?" एवढं विचारून ते गप्प व्हायचे आणि मुलांना घाम फुटेपर्यंत गप्प राहायचे. मग पत्र्यावर थाप मारायचे. परतीची वाट म्हणजे गाडीचा सगळा पत्राच. दिव्याची अर्थिंगची वायर त्या पत्र्याला बोल्टनं घट्ट टेकलेली हवी. दिवा मंद झाला की लोक उठून नवा बल्ब आणतात, याचा त्यांना राग येई. "बल्बाला दोष द्यायच्या आधी पत्र्याला विचारा," असं ते म्हणायचे. वर्गात ते असं शुद्ध बोलत. शाळेचं फाटक ओलांडलं की त्यांची भाषा मुठेच्या खोऱ्याची व्हायची. मला ते 'पुस्तकवाले' म्हणत, कधी मायेनं, बहुतेक वेळा टोमण्यानं.

बबनला सरांनीच वाढवलं होतं, कारण वडील लवकर गेले. वाटणीत त्याच्याकडे रस्त्याकडेचं रान आलं, विहिरीसकट. ते त्यानं फार्महाऊसवाल्या एका माणसाला विकलं आणि आलेल्या पैशातून हिंजवडीच्या कंपन्यांना भाड्यानं लावायला गाड्या घेतल्या. विकायचा त्याला हक्क होता. पण ती विहीर सरांनी तरुणपणी वडिलांबरोबर खणली होती, आणि ती विकली गेल्याचं त्यांना कळलं ते तिच्याभोवती तारेचं कुंपण पडलं तेव्हा. "इकली त्याचं कायबी न्हाई," ते मला म्हणाले होते. "इचारलं असतं तर मी व्हयच म्हनलो असतो. इचारलं न्हाई." त्यानंतर तीन वर्षं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. घरं समोरासमोर होती.

मग एका दिवाळीआधी बबननं वहिनींना सांगून गाडी नेली आणि पाडव्याच्या सकाळी रंगवून आणली. हेडलाइट, डॅशबोर्ड, सगळं खोलून आतपर्यंत मारलेला बिस्किटी रंग, वडिलांच्या वेळी होता तोच. पुढे झेंडूचा हार. तोंडानं माफी मागणं त्याला जमण्यातलं नव्हतं, तेव्हा ही त्याची माफी आहे हे आळीत सगळ्यांना कळलं. सरांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मडगार्डवरून हात फिरवला आणि "बरी झालीया," एवढंच म्हणाले. मग सवयीनं दिव्यांचं बटण ओढलं. हेडलाइट विझत्या चुलीसारखे लाल झाले. डॅशबोर्डवरच्या काट्यांमागचे दिवे तर लागलेच नाहीत. बबनचा चेहरा पडला. रविवारी येऊन बघतो, म्हणाला.

तो आला, आणि दर रविवारी येत राहिला. मलाही एक काम मिळालं. ड्रायव्हरच्या जागेवर बसून बटण ओढायचं आणि काट्यांमागे उजेड दिसतो का ते सांगायचं. मी पुस्तक घेऊन बसत असे. "पुस्तकवाले, पान संपलं की सांगा, घाई न्हाई," असं बॉनेटमागून ऐकू येई आणि बबन हसे. त्यांनी फ्यूज तपासले, बटण खोललं, उजेड वर-खाली करणारा डिपर खोलला, वायरी इंचाइंचानं हातातून ओढून पाहिल्या. बोलणं बबनच्या मुलाच्या परीक्षेचं, हिंजवडीच्या ट्रॅफिकचं, वहिनींच्या गुडघ्याचं. जमिनीचं कधीच नाही. एकदा बबन टेस्टर हातात धरून म्हणाला, "आण्णा, एक इचारू का?" सर होते तसे थांबले. मीही पान उलटायचा थांबलो. बबननं विचारलं ते डिपरच्या वायरीबद्दल.

त्याच आठवड्यात मी एकटा गेलो असताना सरांनी मला गाडीपाशी नेलं. बॅटरीच्या निगेटिव्हला एक सुटी वायर लावून तिचं दुसरं टोक त्यांनी हेडलाइटच्या वाटीला टेकवलं. दिवा लख्ख पेटला. सरांनी वायर काढली, दिवा पुन्हा लाल झाला. पेंटरनं अर्थिंगची जागासुद्धा रंगवून टाकली होती आणि त्या रंगावरच बोल्ट आवळले होते. डॅशबोर्डचंही तेच. वायर पत्र्याला लागतच नव्हती. बोल्टाखालचा रुपयाएवढा रंग घासला की काम झालं असतं, आणि वरून ते कुणाला दिसलंही नसतं. हे त्यांना पाडव्यापासून ठाऊक होतं. मग घासत का नाही, असं मी विचारलं.

"घासला तर दिवा लागंल," सर म्हणाले. "मंग बबन कशाला यील?"

मग म्हणाले, "त्यो कवातरी जिमिनीचा इषय काढंल. निसतं 'आण्णा, चुकलं' म्हनावं. फुडचं मी ऐकनार बी न्हाई. त्याच दिवशी घासतो."

तुम्हीच का काढत नाही विषय, असं मी म्हणालो. त्यांनी वायर गुंडाळून खिशात ठेवली. "मी थोरला हाय, पुस्तकवाले."

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. रविवार येत राहिले. आणि मग तो मंगळवार आला.

दहावा झाल्यावर मी आणि बबन गाडीच्या शेडमध्ये गेलो. दोष रंगाचा होता हे त्याला सांगावं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. शेवटी सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"माझ्या गाड्या धावत्यात रोज. अर्थिंग मला कळत न्हाई व्हय? पाडव्यालाच कळलं. पैल्या रविवारी घासायला पॉलिश पेपर खिशात घिऊनच आलतो. आण्णानं फ्यूज काढला आन म्हनला, धर. तीन वर्सांनी त्यानं माझ्या हातात कायतरी दिलं. मंग कसा काढू पेपर भाईर?"

सर कशाची वाट बघत होते, तेही मी त्याला सांगितलं. त्यानं बॉनेटच्या कडेवर हात ठेवला.

"मला वाटायचं, त्यो इषय काढला तर आण्णा उठून जाईल," तो म्हणाला. "आन मंग दार लावून घील."

घासायचं का, असं मी विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

गाडी शेडमध्ये आहे. बबन अजून रविवारी येतो, बॉनेट उघडतो, थोडा वेळ तिथं बसतो, वहिनींनी दिलेला चहा पितो आणि समोर आपल्या घरी जातो. गाडीचा रंग नवा दिसतो. दिवे लागत नाहीत.