बुजवलेले चर

नामा नाखवा स्वतःला फार शहाणा समजायचा, आणि पाण्याच्या बाबतीत तो खरोखर शहाणा होताही. कळव्याच्या खाडीकाठी त्याच्या बापाने, दामाजीने, सगळी हयात होड्या बांधण्यात घालवली. होडी तयार झाली की ती पाण्यात ढकलण्याआधी दामाजी तिला पालथी घालायचा, तळहाताला खोबरेल चोपडायचा आणि डोळे मिटून तळावरून पुढून मागे हात फिरवायचा. हात कुठे अडला की तिथे पुन्हा रंधा. हात लोण्यावरून फिरल्यासारखा गेला पाहिजे, तरच नारळ फुटणार. नामाने हे लहानपणापासून पाहिलं, आणि बापाचा हात थकल्यावर तोच हात स्वतःच्या खांद्याला जोडून घेतल्यासारखा वागू लागला.

पुढे खाडीच्या मासळीला रॉकेलचा वास यायला लागला. होड्या बांधून घेणारे कमी झाले. नामाचा भाऊ नाथा मशीनची होडी घेऊन तग धरून राहिला; नामा मात्र डोंबिवलीच्या एमआयडीसीत गुरुदत्तशेठच्या फायबरच्या कारखान्यात लागला. पाण्याच्या टाक्या, बाथरूमचे दरवाजे, बागेतल्या घसरगुंड्या असला सगळा माल. ज्या माणसाने समुद्रावर जाणारी होडी घडवली त्याने न्हाणीघराचा दरवाजा घडवायचा, याचा त्याला राग होता. तो राग तो तोंडाने बोलायचा नाही, पण बाकीच्यांच्या कामावरून हात फिरवून नाक मुरडायचा.

कारखान्यात त्याचं जमायचं ते फक्त चांगदेवशी. चांगदेव कल्याणला कोळसेवाडीच्या चाळीत राहणारा, साचे बनवण्यात पटाईत. साचा चांगदेवने घडवायचा आणि त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट आणि चिकट रेझिन नामाने चढवायचं, अशी त्यांची दहा-बारा वर्षांची जोडी. जेवायच्या सुट्टीत नामाचा डबा उघडला की चांगदेवचा हात आधी त्यात. सगुणावहिनींची सुकट ही जणू त्याच्याच मालकीची. नामा शिव्या घालायचा आणि घरी जाऊन बायकोला सांगायचा, उद्या थोडी जास्त घाल.

पंच्याण्णव साली शेठने शहाडला नवीन शेड घेतली. तिथला मिस्त्री कोण होणार, हे न बोलता ठरलेलं होतं. चांगदेवला कल्याणहून शहाड म्हणजे अगदी दारात, आणि साच्यांचं काम त्याच्याइतकं कुणाला येत नव्हतं. केशरबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, चाळीत पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

त्याच चैत्रात गोव्यात राहणारा केविन नावाचा एक ऑस्ट्रेलियन शेठकडे आला. त्याला लाटांवर उभं राहून घसरत जायची फळी करून हवी होती, आणि तीही नव्या फॅशनची नको. त्याच्या तरुणपणी असायची तशी, आखूड, रुंद, जाडजूड, शेपटीला माशासारखी दुभंगलेली. तो आला त्या दिवशी नामा टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगांवर टाक्या पोचवायला गेलेला. संध्याकाळी परतला तेव्हा त्याला एवढंच कळलं की, एका गोऱ्यासाठी पाण्यातली फळी करायची आहे. पाण्यातली वस्तू, आणि मला कुणी विचारलं नाही! नामाने दोन दिवस त्या फळीची चौकशीच केली नाही.

चांगदेवने पफचा, म्हणजे कडक फोमचा, ठोकळा कापून, घासून फळीला आकार आणला. शेठ कामासाठी पुण्याला गेले. चौदा एप्रिलला जयंती. चांगदेव मिरवणुकीच्या कमिटीत, म्हणून त्याने जोडून दोन दिवसांची रजा घेतली. जाताना म्हणाला, "नामा, फळी तयार आहे. मॅट चढव. सांभाळून रे."

"मला सांगतोस?" नामा म्हणाला.

चांगदेव गेला. नामाने फळी पालथी घातली, डोळे मिटले आणि तळावरून हात फिरवला. शेपटीकडच्या अर्ध्या भागात हात अडला. डोळे उघडून पाहतो तर तळाला लांबट, उथळ चर. एकाशेजारी एक, सहा.

नामाला हसू आलं. हा टाकीवाला तो टाकीवालाच! टाकीच्या अंगाला मजबुती यावी म्हणून अशा पन्हळी काढतात; चांगदेवने सवयीने इथेही काढल्या. पाण्यात जाणाऱ्या वस्तूच्या बुडाला खाचा? दामाजीने पाहिलं असतं तर पटाशी फेकून मारली असती. चांगदेव परत येईपर्यंत थांबून विचारता आलं असतं. पण पाण्याबद्दल आपण, नाखव्यांनी, कोळसेवाडीतल्या माणसाला विचारायचं? हा विचार त्याच्या मनात अगदी याच शब्दांत आला, आणि तो आल्याचं त्याला त्या वेळी काहीच वाटलं नाही. उलट मित्राची चूक झाकतोय, शेठ येण्याआधी निस्तरतोय, याचं समाधानच होतं. त्याने पुट्टी कालवली, सहाही चर बुजवले, घासून सपाट केले, वर मॅट आणि रेझिन चढवून गडद लाल रंग दिला. मग हाताला खोबरेल लावून पुन्हा हात फिरवला. हात कुठे म्हणजे कुठे अडला नाही.

रजा संपवून चांगदेव कामावर आला तेव्हा केविन आधीच हजर होता, शेठही आले होते. सगळे फळीभोवती जमलेले. केविनने ती कौतुकाने उचलली, उलटी केली, तळावर हात ठेवला आणि त्याचा चेहरा उतरला. फळी खाली ठेवून तो इंग्रजीत शेठला काहीतरी म्हणाला.

"चांगदेव," शेठ म्हणाले, "चर कुठे आहेत? सहा चर सांगितले होते ना? मिरवणुकीच्या घाईत विसरलास?"

"मी काढलेले, शेठ."

"काढलेले? मग गेले कुठे? विरघळले?"

बाकीचे हसले. चांगदेवने तळाकडे पाहिलं, मग नामाकडे. चर मागितलेले होते, हे त्याला त्या क्षणी कळलं. 'मी बुजवले' हे दोन शब्द बोलायचे होते. पण दहा-बारा माणसं उभी होती, आणि या सगळ्यांच्या कामावरून हात फिरवून त्याने आजवर नाक मुरडलं होतं. त्या दोन शब्दांऐवजी भलतेच बाहेर आले.

"जाऊ द्या शेठ," तो म्हणाला, "होते चूक माणसाकडून. कामावरून काढू नका त्याला."

चांगदेवने मान खाली घातली. हातातली पटाशी त्याने फळीशेजारी ठेवून दिली.

शेठने त्याला काढलं नाही. दुसरी फळी त्याच्याकडून समोर उभं राहून करून घेतली. शहाडच्या शेडवर मात्र मिस्त्री म्हणून नामाचं नाव लागलं. जेवायच्या सुट्टीत चांगदेव आता यंत्राजवळ एकटाच बसायचा. सगुणाने भरून दिलेली सुकट नामा रोज तशीच उरवायचा आणि घरी जाताना वाटेत कुत्र्याला घालायचा, म्हणजे तिने काही विचारू नये.

दुसरी फळी झाल्यावर केविनला ती पाण्यावर पाहायची घाई झाली. गोव्यापर्यंत कोण थांबणार? शेठने नामाच्या भावाला सांगितलं आणि रविवारी भरतीच्या पाण्यात नाथाच्या होडीमागे दोर बांधून दोन्ही फळ्या ओढायचं ठरलं. शेठ आणि नामा होडीत बसले. आधी लाल फळी. होडी सरळ होती तोवर ठीक चाललं. नाथाने वळण घेतलं आणि फळी आडवीच सरकायला लागली, ओल्या फरशीवरच्या थाळीसारखी. केविन दोनदा पाण्यात पडला. मग चरवाली. ती वळणावर पाण्याला धरून राहिली, शेपूट जागची हलली नाही, आणि वेग वाढला तशी पाण्याबाहेर उचलली जाऊन सुटली.

"ही फली त सरल चाललीय रं!" नाथा ओरडला.

एक रेतीची बोट जवळून गेली तेव्हा तिच्या खळबळीत फळी खडखडली, केविनचे गुडघे हादरले. तो हसून काहीतरी ओरडला. शेठने होडीत बसल्या बसल्या समजावलं, "खळबळत्या पाण्यात चर असे त्रास देतातच म्हणतोय. पण जुनी घाटणी रुंद असते, सपाट असते, तिच्याखालून पाणी वाटेल तिकडे पळतं. चरांमुळे ते सरळ मागे जातं. म्हणून वेग, म्हणून पकड."

नामाने या चरवाल्या फळीवर मला बसू द्या म्हटलं. तो पोटावर पडला, दोराला धरलं आणि एक हात कडेवरून खाली सोडून शेपटीकडच्या चरांशी नेला. बोटांना पाणी लागलं. विस्कटलेलं नव्हे, वेगवेगळ्या धारांनी, सरळ, जोराने मागे जाणारं. चांगदेवने कधी होडीत पाय ठेवला नव्हता, तरी सांगितलेलं काम त्याने निमूट आणि नेमकं केलं होतं. आणि आपण डोळे मिटून ते बुजवलं. खाडीतून वर येताना नामाला कुणाच्याही तोंडाकडे बघवेना.

तो तसाच ओल्या कपड्यांनी कल्याणला गेला. केशरबाईंनी दार उघडलं आणि त्याला पाहून पदर सावरला. "या भाऊ, या. हे आहेत घरात." चहा समोर ठेवून त्या उभ्याच राहिल्या. "मला बोलायचंच होतं तुमच्याशी. ह्यांची चूक झाली, पण तुम्ही शेठकडे शब्द टाकला म्हणून नोकरी तरी राहिली. उपकार झाले तुमचे."

नामाने चांगदेवकडे पाहिलं. चांगदेव खिडकीबाहेर बघत होता. नामाने कप खाली ठेवला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं, हे नामाला तेव्हा कळलं.

"वहिनी, चूक ह्याची नाही," तो म्हणाला. "चर ह्याने काढलेले. मी बुजवले. आणि गप्प बसलो."

केशरबाईंनी त्याच्यापुढचा कप उचलला. आत निघून गेल्या. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

"तुला माहीत होतं," नामा म्हणाला.

"पुट्टी तुझीच होती, दुसऱ्या कुणाची एवढी सफाईदार नसते."

"मग खरवडून दाखवायचं ना सगळ्यांना!"

"पटाशी हातातच होती," चांगदेव म्हणाला. "वाटलं, तू सांगशील. म्हणून थांबलो. मग तू बोललास, आणि काय बोललास ते ऐकलं मी." खिडकीवरून नजर काढून तो म्हणाला, "विचारायचं होतंस ना रे. दोन दिवसांनी येणारच होतो मी."

का विचारलं नाही, ते नामाला तिथे सांगता आलं नाही. चांगदेवला ते कळलेलं नसेल, असंही त्याला वाटलं नाही.

सोमवारी त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. शेठ म्हणाले, "मग त्या दिवशी तोंडात काय बोळा कोंबला होता?" लोक हसले आणि कामाला लागले. चार शिव्या पडल्या असत्या तर नामाला बरं वाटलं असतं. शहाड चांगदेवला मिळालं.

पावसाळा सरल्यावर चांगदेव एका साच्यासाठी डोंबिवलीला आला. दुपारी दोघे पूर्वीच्याच जागी जेवायला बसले. बोलणं नीट झालं, मुलाबाळांची चौकशीही झाली. नामाने डबा उघडून मध्ये सरकवला. वर भरपूर सुकट होती. चांगदेवचा हात पुढे आला आणि डब्याच्या कडेशी थांबला.

"घेऊ का?" त्याने विचारलं.

नामाने मान हलवली. चांगदेवने थोडी सुकट घेतली, छान झालीय म्हणाला. नामा खाली मान घालून जेवत राहिला.