शपथेचा तिसरा रकाना

आमच्या आत्यानं नोंदणी कचेरीत सव्वीस वर्षं एकच काम केलं. लोकांना शपथ सांगायची. बाहेरून येऊन इथे रुजलेली माणसं दर गुरुवारी हॉलमध्ये रांगा करून उभी राहायची. आत्याची उंची बेताची, म्हणून ती लाकडी खोक्यावर चढायची आणि चार-चार शब्द तोडून शपथ म्हणायची. लोक मागून म्हणायचे. शपथ संपली की ती माणसं या देशाची. जन्मात कधी शाळेत शिकवलं नव्हतं, तरी कचेरीत सगळे तिला 'मास्तरीणबाई' म्हणत.

चार शब्दांचा नियम तिचा स्वतःचा. आलेल्यांच्या जिभेला भाषा नवी. पाचवा शब्द घातला की मागच्या रांगेतला पहिला विसरतो, असं ती सांगायची. शपथ तोंडपाठ होती, त्यामुळे नजर कागदावर नसायची, लोकांच्या तोंडावर असायची. नोंदवहीत प्रत्येकापुढे दोन रकाने होते, 'शपथ उच्चारली' आणि 'उच्चारली नाही'. खूण तिनं करायची आणि खाली सहीही तिचीच. पुटपुटणाऱ्याला ती टेबलापाशी बोलावून पुन्हा म्हणायला लावायची. "तोंड हललं म्हणजे बोलला असं नाही. म्हशीचंही हलतं," म्हणायची.

बाई नाकासमोर चालणारी, आणि देवाची पक्की. पहाटे उठून अर्धा तास भिंतीकडे तोंड करून, हात जोडून बसायची. त्या वेळात घर पेटलं तरी तिला हाक मारायची सोय नव्हती. आतोबांनी एकदा साखरेचा डबा कुठंय म्हणून विचारलं, तर संध्याकाळपर्यंत त्यांना उत्तर मिळालं नाही. साखरही नाही.

तर एका सोमवारी वरून परिपत्रक आलं. शपथेची सुरुवात बदलली होती. आता म्हणायचं, 'मी देवाला साक्षी ठेवून'. चहाच्या वेळी त्यावरून जुंपली.

"देवाला कशाला कचेरीत खेचायचं?" टायपिस्ट म्हणाला. "इथे आला तर त्यालाही खाली पासासाठी उभं करतील."

"बिघडलं काय त्यात?" शिपाई म्हणाला. "देवाच्या धाकानं चार माणसं तरी खरं वागतील."

"तुला आहेच की धाक. दहाला येतोस आणि मस्टरवर साडेनऊ लिहितोस."

शिपाई स्वतःच हसला. मग दोघांनी आत्याकडे पाहिलं.

"शब्द चांगले आहेत," ती म्हणाली, "आणि चारच आहेत." तिला खरोखरच बरं वाटलं होतं.

गुरुवारी एकतीस माणसं आली. तिसऱ्या रांगेत एक सुतार होता, साठीचा, डाव्या हाताचं एक बोट अर्धं गेलेलं. पहिल्या चार शब्दांना तो तोंड घट्ट मिटून उभा राहिला. पुढची सगळी शपथ मात्र खणखणीत म्हणाला. आत्यानं त्याला टेबलापाशी बोलावलं.

"बाबा, सुरुवात राहिली तुमची."

"राहिली नाही ताई, सोडली."

"का बरं?"

"मी देव मानत नाही. बायको मानायची, ते तिच्यापाशी. कायदा पाळीन म्हटलं, तो पाळीन. शेजाऱ्याचं वाकडं करणार नाही म्हटलं, ते नाही करणार. पण ज्याची-माझी ओळख नाही, त्याला साक्षीला कसा बोलावू?"

"नुसतं म्हणून टाका की. चार शब्द तर आहेत."

"म्हणतो. तुम्ही सांगताय तर म्हणतो. खोटं आहे हे मला माहीत आणि आता तुम्हालाही माहीत. म्हणू का?"

इथे आत्याचं घोडं अडलं. 'नाही'वर खूण केली तर अर्ज बाद. बारा वर्षं थांबलेल्या माणसानं पुन्हा रांगेच्या शेपटाला जायचं, तेही या वयात. 'हो'वर केली तर सव्वीस वर्षांतली तिची पहिली खोटी खूण. आणि त्याच्याकडून वदवून घेतलं, तर देवाचं नाव घेऊन खोटं बोलायला लावणारी ती स्वतः. याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"नका म्हणू," ती म्हणाली.

तिनं पट्टी घेतली आणि समासात सरळ उभी रेघ ओढली. वर लिहिलं, 'देवाच्या शब्दांविना उच्चारली'. खाली खूण केली, सही केली आणि पुढच्याला बोलावलं.

साहेबांना कचेरीत टाचणीसाहेब म्हणत, कारण ते प्रत्येक कागदाला दुसरा कागद टोचून ठेवायचे. दुपारी ते नोंदवही घेऊनच आले.

"मास्तरीणबाई, हे काय?"

"रकाना."

"तो दिसतोय मला. कुणी सांगितला?"

"कुणी नाही. माणूस दोन्हीत बसेना."

"तुम्ही तर एवढ्या देवाच्या. तुम्हाला आनंद व्हायला हवा."

"झाला होता ना सोमवारी. पण साहेब, कागद मिळावा म्हणून उद्या दहा जण भीतीनं त्याचं नाव घेतील आणि मी दहा खुणा करीन. असं नाव घेतलेलं मला नाही चालत. त्याला चालेल असंही वाटत नाही."

"त्याचं राहू द्या. हे पान बिघडलं त्याचं काय?"

"फाडा. वर कळवा माझं नाव. खोटी खूण मी करणार नाही."

पान फाडता येईना, कारण पानांवर छापील क्रमांक होते. साहेबांनी त्याला चिठ्ठी टोचली, 'मार्गदर्शनासाठी सादर' लिहून नोंदवहीच वर पाठवली आणि आत्याला खोक्यावरून उतरवलं. सुताराचा दाखला अडकला.

पुढच्या गुरुवारी शपथ शिपायानं सांगितली. त्यानं एका दमात अकरा शब्द म्हटले. हॉलमध्ये नुसता गलका झाला; एक बाई रडायलाच लागली, तिला वाटलं आपण नापास झालो. दोन गुरुवार असे गेल्यावर साहेब आत्याच्या टेबलापाशी येऊन खाली बघत म्हणाले, "चढा बाई खोक्यावर." नव्या वहीतही तिनं आधी रेघ ओढली. त्या दिवशी तिसऱ्या रकान्यात पाच जण बसले. त्यातली एक म्हातारी तर आत्यासारखीच देवाची होती. "माझा देव असा हाकारून बोलवायचा नाही," म्हणाली.

सातव्या आठवड्यात वरून उत्तर आलं. त्यात देवाचा विषय नव्हता, पान बिघडल्याचाही नव्हता. एकच ओळ होती: 'तिसऱ्या रकान्याची बेरीज मासिक अहवालात दाखवलेली नाही, ती दाखवावी.' पट्टीनं ओढलेली रेघ बघून वरच्यांना वाटलं, रकाना पहिल्यापासूनचा आहे. साहेबांनी ओळ तीनदा वाचली. मग छापखान्याला नव्या नोंदवह्यांची मागणी लिहिली, तीन रकान्यांच्या.

सुतार दाखला न्यायला आला तेव्हा शर्टाला भुसा होता. काम टाकून आला होता. दाखला त्यानं दोन्ही हातांत धरून सावकाश वाचला.

"ताई, माझ्यापायी काही अडचण नाही ना झाली?"

"झाली की," आत्या म्हणाली. "इथे सही करा. आणि घडी घालू नका, तुटतो घडीवर."